‘रिच डॅड पुअर डॅड’ आणि माझा नाशिकचा फ्लॅट

सुरुवातीलाच एक कबुली देतो. ज्या पुस्तकावर मी आज टीका करणार आहे, त्यातला ‘गरीब बाप’ हा पीएच.डी. झालेला, शिक्षण खात्यात नोकरी केलेला, सरकार आपली काळजी घेईल असं मानणारा गृहस्थ आहे. मीही पीएच.डी. आहे, चौतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं आणि आता पेन्शनवर जगतो. म्हणजे या खटल्यात आरोपीच न्यायाधीश होऊन बसलाय. (हशा) माझ्या बोलण्यातून तेवढी वजावट करूनच ऐका.

पुस्तक तुमच्यापैकी बऱ्याच तरुणांनी वाचलेलं असणार. रॉबर्ट कियोसाकी यांचं ‘रिच डॅड पुअर डॅड’. १९९७ साली अमेरिकेत आलं, मराठीतही कधीच आलं आणि एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावरसुद्धा मिळतं. मला ते माझ्या मुलाने साठाव्या वाढदिवसाला भेट दिलं. निवृत्त होणाऱ्या बापाला मुलाने हे पुस्तक देणं याचा अर्थ काय घ्यायचा, ते मी अजून त्याला विचारलेलं नाही.

आज हा विषय का घेतला ते सांगतो. काल संध्याकाळी मी इथे रनाळ्यात आलो, तेव्हा ज्यांच्याकडे जेवायला होतो ते गुरुजी मार्चमध्ये निवृत्त झालेत. ग्रॅच्युइटी, फंड, सगळं मिळून चाळीस लाखांच्या आसपास रक्कम हातात आली आहे. मुलगा म्हणतो, नाशिकला फ्लॅट घ्या, भाड्याने द्या, महिन्याला घरबसल्या पैसा येईल. धाकटे बंधू म्हणतात, गावातच दोन एकर घेऊन टाक. गुरुजींनी जेवता जेवता मला अहिराणीत विचारलं, “सर, फ्लॅट लेऊ का नको?” आणि मुलाने लगेच या पुस्तकाचं नाव घेतलं. चाळीस लाख म्हणजे एका माणसाची अख्खी नोकरी आहे. त्यावर जेवणाच्या ताटावर उत्तर देणं मला बरं वाटलं नाही. म्हणून जे बोलायचं ते इथे, सगळ्यांसमोर बोलतो.

पुस्तकाचा कणा एका व्याख्येवर उभा आहे. जी गोष्ट तुमच्या खिशात पैसा आणते ती मालमत्ता. जी खिशातून पैसा काढते ते देणं, दायित्व. कागदावर दोन रकाने काढा, डावीकडे एक, उजवीकडे दुसरा, आणि आयुष्यातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या रकान्यात टाका. या हिशेबाने तुम्ही राहता ते घर मालमत्ता नाही, कारण ते कर, रंगकाम, दुरुस्ती, हप्ते मागत राहतं. भाड्याने दिलेलं घर मात्र मालमत्ता.

ही व्याख्या चलाख आहे, आणि तिचा गुण आधी मान्य केला पाहिजे. आपल्याकडे घराला देव्हाऱ्यात बसवलेलं असतं, त्याचा हिशेब मांडायचा म्हटलं तर लोकांना वाईट वाटतं. रिझर्व्ह बँकेच्या समितीने २०१७ मध्ये घरगुती अर्थकारणावर अहवाल दिला. त्यात सरासरी भारतीय कुटुंबाची ८४ टक्के संपत्ती स्थावर आणि इतर भौतिक वस्तूंत, ११ टक्के सोन्यात आणि जेमतेम ५ टक्के बँकेतल्या ठेवी, शेअर, विमा अशा आर्थिक साधनांत आहे, असं चित्र आहे. एवढं सगळं विटा-मातीत आणि भांड्याकुंड्यांत घातलेल्या समाजाला कोणी म्हणत असेल की घराचा जमाखर्च लिही, तर त्याला मी नावं ठेवणार नाही.

पण मग तो जमाखर्च खरोखर लिहू या. मी माझाच देतो, कारण दुसऱ्याचा खरा हिशेब कोणी देत नाही.

२०११ साली निवृत्त झालो. मुलाचं पुस्तक वाचलं होतं. नाशिकला दोन खोल्या-हॉल-किचनचा फ्लॅट चोवीस लाखांना घेतला. मुद्रांक शुल्क, नोंदणी, पार्किंग, मीटर, ग्रिल, असं धरून सव्वीस लाख. कर्ज नाही, सगळी निवृत्तीची रक्कम. भाडं सात हजार ठरलं. पहिल्या वर्षी दोन महिने घर रिकामं होतं. हाती आले सत्तर हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स १४,४००, घरपट्टी ३,६००, दलालाला एक महिन्याचं भाडं सात हजार. राहिले पंचेचाळीस हजार. सव्वीस लाखांवर पंचेचाळीस हजार म्हणजे पावणेदोन टक्के सुद्धा पूर्ण भरत नाहीत! त्या वर्षी बँका मुदत ठेवीवर नऊ टक्क्यांच्या आसपास व्याज देत होत्या. त्याच रकमेवर मला दोन लाख चौतीस हजार मिळाले असते, आणि गळक्या नळासाठी कुणाचा फोन आला नसता.

आज भाडं तेरा हजार आहे. खर्च, रंग, मधला रिकामा काळ धरला तर वर्षाला साधारण एक लाख चार हजार हाती पडतात. आणि किंमत? मागच्या वर्षी एका दलालाने बावन्न लाख सांगितली. सांगितली, दिली नाही, हे लक्षात ठेवा. शेअरचा भाव म्हणजे आत्ता कोणी तरी मोजलेले पैसे. फ्लॅटचा भाव म्हणजे बऱ्याचदा शेजाऱ्याच्या फ्लॅटबद्दल ऐकलेली गोष्ट. तरी बावन्न धरू. चौदा वर्षांत दुप्पट, म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास वाढ, आणि वर भाड्याचे दोन टक्के. सात. वाईट नाही, पण ज्या मुदत ठेवीला आपण म्हाताऱ्यांची गुंतवणूक म्हणून हसतो, तिच्यापासून फार लांबही नाही.

याच काळात सेन्सेक्स २०११ च्या अखेरीला साडेपंधरा हजारांच्या जवळ होता, २०२४ च्या अखेरीला अठ्ठ्याहत्तर हजारांवर. पाचपट. सोनं तेव्हा तोळ्याला सव्वीस-सत्तावीस हजार होतं, २०२४ संपताना पंचाहत्तर हजारांच्या पुढे. आमच्या घरी ही दुसरी आकडेवारी माझी पत्नी पाठ म्हणून दाखवते, कारण तिने तेव्हा पाटल्या करू म्हटलं होतं. (हशा)

आता कर्जाचा हिशेब बघा, कारण तरुण मुलं रोख पैशाने घेत नाहीत. पंचेचाळीस लाखांचा फ्लॅट, छत्तीस लाख कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता येतो एकतीस हजारांच्या वर. भाडं येतं अकरा-बारा हजार. म्हणजे दरमहा एकोणीस-वीस हजार खिशातून जाणार. कियोसाकींच्याच व्याख्येने हा फ्लॅट कुठल्या रकान्यात गेला? दायित्वाच्या! पुस्तक वाचून कर्जावर दुसरा फ्लॅट घेणारा आपला मुलगा पुस्तकाचंच उल्लंघन करतोय, आणि त्याला वाटतं आपण श्रीमंत बापाचा सल्ला ऐकतोय. पुस्तकातले व्यवहार फिनिक्सचे, पोर्टलँडचे. तिथे तीस वर्षांसाठी व्याजाचा दर बांधून देणारं कर्ज मिळतं, आणि हप्ता भागवून वर काही उरावं इतकं भाडं मिळू शकतं. आपल्याकडे गृहकर्जाचा दर बहुतेक वेळा बदलता असतो, आणि शहरात घराच्या किमतीच्या दोन-तीन टक्के भाडं सुटलं तरी लोक खूश असतात. बीज तिकडचं, जमीन इकडची.

याच्या उलट बाजूने एक भारदस्त अभ्यास पुढे केला जातो, त्याचंही सांगतो. पाच अर्थशास्त्रज्ञांनी १८७० ते २०१५ या काळातल्या सोळा प्रगत देशांतल्या परताव्यांचा हिशेब मांडला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की दीर्घ काळात घरांनी महागाई वजा जाता जवळपास शेअरइतकाच परतावा दिला, आणि चढ-उतार मात्र कमी. गृहबांधणीवाल्यांना यापेक्षा गोड काय हवं? पण त्या परताव्याचा मोठा भाग भाड्याचा होता. आपल्या शहरांत तो भागच हडकलेला आहे. शिवाय त्या सोळांत भारत नाही, आणि ती सरासरी अख्ख्या देशातल्या घरांची आहे. तुमच्या नशिबी एकच फ्लॅट येतो, एका रस्त्यावरचा, एका बिल्डरचा, वरच्या मजल्यावरून गळणारा.

आणि चढ-उतार कमी म्हणजे काय? मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स सव्वीस हजारांखाली गेला, जानेवारीत बेचाळीस हजारांच्या आसपास होता. माझे पैसे तिथे असते तर मी घाबरून विकले असते, हे प्रामाणिकपणे सांगतो. फ्लॅट मी विकला नाही, कारण त्याचा भाव मला कोणी सांगतच नव्हतं. या अर्थाने फ्लॅटने मला माझ्यापासूनच वाचवलं. याला मी फायदा म्हणतो. फक्त तो टक्क्यांत बसत नाही.

इथपर्यंत आकडे झाले. माझा खरा आक्षेप आकड्यांवर नाही, त्या दोन रकान्यांवर आहे.

ॲरिस्टॉटलने जोड्याचं उदाहरण दिलं आहे. जोडा पायात घालता येतो आणि जोडा देऊन दुसरं काही घेताही येतं. उपयोग दोन्ही जोड्याचेच, पण एका जातीचे नाहीत. कियोसाकी यातला पहिला उपयोग पुसून टाकतात. ठीक आहे, हिशेबाच्या पुस्तकात तेवढं चालतं. पण ‘मालमत्ता असणं’ हा ते वस्तूचा गुण समजतात, जसा मिठाचा खारटपणा. भाड्याचं घर आहे, म्हणून ते खिशात पैसा आणणारच. हे खरं नाही, आणि ते खरं नाही हे तुमच्या गावाला पुस्तकाशिवाय माहीत आहे.

कूळकायदा आठवा. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट कायदा, आणि मग १ एप्रिल १९५७, कृषक दिन. ३१ मार्चला जमीन ज्याची होती, त्याच्याकडे खंड येत होता. दुसऱ्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने कूळ त्या जमिनीचं खरेदीदार झालं. ढेकूळ हललं नाही, विहीर तीच, बांध तोच. मग काय बदललं? दोन माणसांमधलं नातं बदललं, आणि ते नातं राखणारा कायदा बदलला. मी इथे जमीनदाराचं रडगाणं गायला आलेलो नाही. माझे आजोबा कूळ होते, आणि माझं शिक्षण त्या कायद्याच्या जोरावर झालं. पण खंडाला घरबसल्या उत्पन्न समजणाऱ्याने हे विसरू नये, की ते उत्पन्न जमिनीतून येत नव्हतं, दुसऱ्याच्या कबुलीतून येत होतं.

शहरात तेच मुंबईच्या चाळींचं झालं. गिरगाव, लालबाग, परळ. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधलं. युद्ध, टंचाई, फाळणीनंतरचे लोंढे, अशा वेळी हा कायदा येणं समजण्यासारखं होतं. पण तो पन्नासहून अधिक वर्षं जवळपास तसाच राहिला. मालकाला भाड्यातून जिन्याच्या पायऱ्या दुरुस्त करणं परवडेना, त्याने दुरुस्त केल्या नाहीत. शेवटी इमारती कोसळायला लागल्या, तेव्हा सरकारला उपकर लावून १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ नेमावं लागलं. आणि खोली बदलायची झाली तर पैसे मिळायचे कुणाला? बऱ्याच अंशी भाडेकरूला! पागडी. मालकाला त्यातला हिस्सा. आता सांगा, लालबागच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत मालमत्ता कुणाची होती? कागदावर मालकाची, बाजारात भाडेकरूची. पुस्तकाच्या कुठल्या रकान्यात लिहाल?

पुढचं तर आणखी विलक्षण आहे. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात एक प्रकरण घातलं गेलं: सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर उपकरप्राप्त इमारत सरकार ताब्यात घेऊ शकेल, आणि मालकाला भरपाई किती? महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट. शंभर रुपये भाड्याच्या खोलीचे दहा हजार. घरमालकांची संघटना न्यायालयात गेली, १९९२ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पडून राहिलं, आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. बत्तीस वर्षं! एवढ्या काळात ज्या मालकाने अर्ज केला त्याचा मुलगासुद्धा म्हातारा झाला.

दरम्यान १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली, आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. जाता जाता सांगतो, अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत आपल्या राज्यात चुकीची आहे. करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवावा लागतो. नोंदवला नाही तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच आधी खरं धरलं जातं, आणि मालकाला शिक्षाही होऊ शकते.

या सगळ्या इतिहासाने आपल्या मनात एक भीती घातली. गावात माणूस शेत पडीक ठेवेल, पण दुसऱ्याचं नाव सातबाऱ्यावर चढू देणार नाही. शहरात फ्लॅटला कुलूप लावेल, पण भाडेकरू ठेवणार नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटी दहा लाखांहून जास्त घरं रिकामी सापडली, एकट्या मुंबईत पावणेपाच लाखांच्या पुढे. आणि त्याच मुंबईत माणसं फुटपाथवर. कुलूप लावलेला फ्लॅट कियोसाकींच्या व्याख्येने शुद्ध दायित्व आहे, तरी लोक तो आनंदाने सांभाळतात. कारण त्यांना भाडं नकोच आहे, भाव हवा आहे.

आता उरलेला प्रश्न. खिशात पैसा येतो, तो कुणाच्या खिशातून? अख्ख्या पुस्तकात भाडेकरूला चेहरा जवळपास नाहीच. पाऊस जसा वरून पडतो तसं भाडं पडतं. पण रनाळ्यात बसून हे वाचताना मला तसं वाचता येत नाही. इथून नंदुरबार, नंदुरबारहून सुरत. खानदेशातली किती माणसं उधन्यात, लिंबायतमध्ये खोलीचं भाडं भरत जगली, ते मी तुम्हाला सांगायला नको. या मांडवात ज्यांचे भाऊ, मेहुणे, मुलं आज तिथे भाडं भरतात त्यांनी हात वर करा म्हटलं, तर मला वाटतं निम्मे हात वर होतील. (सभागृहातून: “निम्म्यापेक्षा जास्त!”) बघा. आपण भाड्याच्या कथेत बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूचे लोक आहोत, आणि पुस्तक मात्र पहिल्या बाजूचं वाचतो.

माझ्या फ्लॅटमध्ये २०१९ पासून एक जोडपं राहतं. तो कारखान्यात ठेकेदाराकडे, ती शिवणकाम करते. एप्रिल २०२० मध्ये त्याचा फोन आला. काम बंद, पगार बंद, आणि ती सहा महिन्यांची गरोदर. त्याच महिन्याच्या १७ तारखेला शासनाने घरमालकांना सूचना काढली होती की किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकला, भाडं थकलं म्हणून कुणाला घराबाहेर काढू नका. मी पुढे ढकललं नाही, चार महिन्यांचं भाडं सोडून दिलं. हे मोठेपणासाठी सांगत नाही, कारण खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो चार गुणिले अकरा हजार. पहिला तोच आला! आयुष्यभर कांट शिकवला, माणसाला केवळ साधन समजू नये म्हणून विद्यार्थ्यांचे तास घेतले, आणि मन गुणाकार करत बसलं. बायकोने विचारलं, “त्यांचं कसं चाललंय?” मी सांगितलं, “चव्वेचाळीस हजार.” ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी परत फोन केला.

मुदत ठेवीने मला असा प्रश्न कधी विचारला नाही. सोन्याने नाही, शेअरने नाही. शेअरमध्येही कुठे तरी माणसं राबतातच, पण त्यांचा फोन माझ्याकडे येत नाही. म्हणून घरभाड्याला जे ‘निष्क्रिय उत्पन्न’ म्हणतात ना, पॅसिव्ह इन्कम, तो शब्द मला सगळ्यात खोटा वाटतो. यात पैशापेक्षा जास्त निर्णय करावे लागतात.

गुरुजी समोरच बसलेत, म्हणून उत्तर देतो. तुमच्या दोघांच्या औषधपाण्याची आणि दोन वर्षांच्या खर्चाची रक्कम आधी बँकेत राहू द्या. ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा, तिचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला होता आणि व्याज दर तिमाहीला खात्यात येतं. चाळीस लाख एका फ्लॅटमध्ये घालू नका. अडचणीच्या वेळी बेडरूम तेवढी विकता येत नाही. आणि मुलाला स्वतःला नाशिकला राहायला घर हवं असेल, तर तसं सरळ सांगा त्याला. ते गुंतवणूक नव्हे, ते घर आहे, आणि त्यासाठी बापाने पैसे द्यायला काही हरकत नाही. जमिनीचं मी बोलणार नाही, त्यातलं तुमच्या बंधूंना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

माझ्या फ्लॅटचं काय, असं मघाशी कोणीतरी विचारलं. मुलगा म्हणतो विका आणि म्युच्युअल फंडात टाका. हिशेबाने तो बरोबर आहे. करार जूनमध्ये संपतो. २०२० मध्ये पोटात होती ती मुलगी आता शाळेत जाते, शाळा फ्लॅटपासून चालत पाच मिनिटांवर. तिच्या वडिलांनी विचारलंय, सर, यंदा भाडं किती वाढवणार? मी अजून त्यांना काही कळवलेलं नाही.

बरं, आता तुम्ही विचारा. मागे ज्यांनी हात वर केलाय, ते आधी.